लाकडी चाक आणि आगीचा झोत

भुईचक्र पेटले की लहान मुले त्याच्याभोवती नाचतात आणि मोठी माणसे पदर व विजारी सांभाळीत चार पावले मागे सरतात. ठिणग्यांचे वर्तुळ विझेपर्यंत सगळ्यांची नजर त्यावर खिळलेली असते. परंतु ते फिरते का, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. उत्तर तसे सोपे आहे. आग एका बाजूने जोराने बाहेर पडते आणि चक्र उलट बाजूला ढकलले जाते. बाण आभाळात चढतो तो याच न्यायाने, आणि मुंबईहून आपल्याला दोन तासांत दिल्लीला नेणारे जेट विमान उडते तेही याच न्यायाने. फरक इतकाच, की बाण एकदाच उडतो आणि कोठे पडेल याचा नेम नसतो. विमान मात्र पुन्हापुन्हा उडते आणि जेथे उतरायचे तेथेच उतरते. आग लावणे सोपे असते. तिला शिस्त लावणे, हे खरे काम.

आज मी वाचकांना ज्या मंडळींची ओळख करून देणार आहे, त्यांनी हे काम आपल्या घराच्या मागच्या खोलीत, लेथ आणि कानशी यांच्या साहाय्याने केले आहे. ही माणसे जेट विमाने तयार करतात. चित्रातली नव्हेत, की कपाटात ठेवायची नव्हेत. खरी, रॉकेल पिऊन झोत सोडणारी, ताशी तीनशे किलोमीटर वेगाने जाणारी विमाने. फक्त त्यांत बसता येत नाही. वैमानिक जमिनीवर उभा राहतो, गळ्यात रेडिओचा संच अडकवतो आणि दोन लहानशा दांड्या अंगठ्यांनी हलवून दूरवरचे विमान चालवतो. युरोप-अमेरिकेतल्या मोकळ्या धावपट्ट्यांवर सुट्टीच्या दिवशी अशी मंडळी जमतात. कोणाजवळ मिग असते, कोणाजवळ सेबर, कोणाजवळ हॉक. तीन-तीन मीटर लांबीची, वीस-वीस किलो वजनाची ही विमाने ओळीने उभी राहिली, म्हणजे याला खेळणे म्हणावे की विमान, असा संभ्रम पडावा.

मी मराठीचा प्राध्यापक. यंत्रशास्त्राशी माझा संबंध सायकलच्या साखळीपलीकडे फारसा गेलेला नाही. तरी या विषयाने मला धरून ठेवले ते एका शब्दामुळे. या विमानांच्या पोटात जे यंत्र असते त्याला ‘टर्बाइन’ म्हणतात. हा शब्द लॅटिन ‘टर्बो’वरून आला आहे, आणि ‘टर्बो’ म्हणजे वावटळ किंवा भोवरा. म्हणजे ज्याच्या जोरावर आजचे आकाश चालले आहे, त्या अवघड यंत्राचे नाव मुळात एका खेळण्याचे नाव आहे! हा योगायोग म्हणून सोडून देता आला असता. परंतु विमानाचा इतिहास उघडून पाहावा, तर खेळणे आणि यंत्र यांची ही सोयरीक पानोपानी भेटते.

खेळण्याच्या पोटी विमान

१८७१ साली आल्फाँस पेनो नावाच्या एका फ्रेंच तरुणाने पॅरिसच्या त्विलेरी बागेत पीळ दिलेल्या रबरावर चालणारे एक लहानसे विमान उडवून दाखवले. ते अवघे अकरा सेकंद हवेत होते. पण ते आपला तोल आपणच सांभाळीत उडाले, ही त्यातली मोठी गोष्ट. पेनोने रबराच्याच पिळावर वर जाणारे भिंगरीसारखे एक खेळणेही तयार केले होते. पुढे १८७८ साली अमेरिकेत मिल्टन राइट नावाचे एक धर्मोपदेशक प्रवासाहून घरी परतले, तेव्हा त्यांनी मुलांसाठी त्याच जातीचे एक खेळणे आणले: बूच, बांबू, कागद आणि रबर यांचे. मुलांची नावे विल्बर आणि ऑर्व्हिल. त्या दोघांनी पंचवीस वर्षांनी, १९०३ साली, काय केले हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे.

खेळण्याच्या पोटी विमान जन्मले ते असे. त्यानंतर बाप आणि मुलगा वेगवेगळ्या वाटांनी चालू लागले. १९३७ साली अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचे रेडिओच्या आज्ञेने वळणारे मॉडेल विमान उडवले. ते आज तेथल्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. त्याच १९३७च्या १२ एप्रिलला इंग्लंडात फ्रँक व्हिटल यांचे जेट इंजिन पहिल्यांदा जमिनीवर चालले. दोन वर्षांनी, २७ ऑगस्ट १९३९ रोजी, जर्मनीत हान्स फॉन ओहाइन यांच्या इंजिनावर पहिले जेट विमान आकाशात गेले. रेडिओने चालणारे खेळणे आणि झोताने उडणारे विमान जवळजवळ एकाच वेळी जन्माला आले, पण त्या दोघांची गाठ पडायला अर्धे शतक जावे लागले.

एवढा वेळ का लागावा? हौशी मंडळी स्वस्थ बसली होती असे मुळीच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ‘पल्सजेट’ नावाची नळीसारखी इंजिने मॉडेल-विमानांना बसवली जात. त्यांत फिरते चाक नसते. नळीत एकामागून एक स्फोट होत राहतात आणि आवाज असा निघतो की शेजाऱ्यांशी असलेले चांगले संबंध एका सकाळीत संपुष्टात यावेत. दुसऱ्या काहींनी विमानाच्या पोटात बंदिस्त पंखा बसवून तो साध्या पिस्टनच्या इंजिनाने फिरवला. विमान दिसायला जेट, पण आतला जीव मोटारसायकलचा. खरे टर्बाइन मात्र हाती येईना.

आग लहान होत नाही

त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. टर्बाइन इंजिनाची रचना कागदावर फार साधी. पुढे एक चाक असते. ते हवा आत ओढून दाबते. मध्ये ज्वलनकक्ष असतो; तेथे त्या दाबलेल्या हवेत रॉकेल जळते. तापून फुगलेली हवा मागच्या बाजूने निसटू पाहते, आणि निसटताना दुसऱ्या एका चाकाला फिरवून जाते. पुढचे आणि मागचे चाक एकाच दांड्यावर घट्ट बसवलेले असते, त्यामुळे मागचे फिरले की पुढचे फिरते, पुढचे फिरले की आणखी हवा येते, आणि यंत्र स्वतःच्या बळावर चालू राहते. चाक फिरवून जी शक्ती उरते तिचा झोत होतो, आणि तो विमानाला ढकलतो.

सगळी मेख त्या ‘उरते’ या शब्दात आहे. मागच्या चाकाने मिळवलेले सगळेच पुढच्या चाकाने खाल्ले, तर हाती शिल्लक शून्य. मध्यमवर्गीय संसाराचा हिशेब ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही अडचण अधिक समजावून सांगायला नको. मोठ्या इंजिनात ही शिल्लक भरपूर राहते. इंजिन लहान करीत गेले की ती आटत जाते, कारण यंत्र लहान करता येते, पण हवा आणि आग लहान करता येत नाहीत. चाक आणि वेष्टन यांच्यामध्ये फट ठेवावीच लागते. मोठ्या चाकाला ती जाणवतही नाही, तळहाताएवढ्या चाकाच्या बाबतीत मात्र तेवढ्याच फटीतून कमाईचा मोठा वाटा गळून जातो. रॉकेलाच्या थेंबाची वाफ होऊन ती जळायला ठराविक वेळ लागतो. कक्ष बोटभर झाला म्हणून आग घाई करीत नाही. आणि चाक जितके लहान, तितके ते जास्त वेगाने फिरवावे लागते.

किती वेगाने? ६६ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडाएवढे चाक मिनिटाला सव्वा लाखाच्या आसपास फेरे घेते. त्याच्या कडेचा वेग सेकंदाला चारशे मीटरांच्या घरात जातो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे कड ध्वनीच्याही पुढे पळते. त्या कडेवर एक ग्रॅम वजनाचा कण असेल, तर त्याला चाकापासून उडू न देण्यासाठी अर्ध्या टनाहून अधिक ओढ लागते. एक ग्रॅम आणि अर्धा टन! जेथे धातूचीच अशी परीक्षा होते, तेथे हौशी माणसाने हात घालू नये, असे कोणालाही वाटले असते.

१९८३ साली इंग्लंडमध्ये जेरी जॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅसवर चालणारे टर्बाइन बसवलेले मॉडेल उडवून हे अशक्य नाही, एवढे सिद्ध केले. परंतु ते कुशल कारागिरीचे काम होते. घरोघरचा हौशी माणूस ते करू शकेल असे कोणाला वाटले नाही. ती समजूत मोडली एका जर्मन गृहस्थाने, आणि तीही लाकडाने.

लाकडी चाक

कुर्ट श्रेकलिंग हे त्यांचे नाव. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी जे इंजिन तयार केले, त्यात हवा दाबणारे पुढचे चाक चक्क प्लायवूडचे होते. वरून कार्बनच्या धाग्यांनी आवळलेले. जेट इंजिनात लाकूड! ऐकणाऱ्याने हसावे अशीच ही गोष्ट. पण जरा थांबून विचार केला तर तिच्यातले शहाणपण दिसू लागते. पुढच्या चाकापाशी आग नसते; तेथे फक्त दाबल्यामुळे कोमट-गरम झालेली हवा असते. फिरताना चाकाला फाडू पाहणारी ओढ त्याच्या स्वतःच्या वजनातून येते. चाक हलके असेल तर ओढही कमी. लाकूड हलके असते, वजनाच्या मानाने ते चांगले मजबूत असते, आणि ते घरच्या हत्यारांनी कापता येते. मागचे चाक, जे आगीच्या तोंडाशी असते, ते मात्र त्यांनी पोलादी पत्र्यातून कापले आणि त्याची पाती पिळून घेतली. महागडी ओतीव वस्तू नाही, कारखान्याची मदत नाही.

आणि ते इंजिन चाललेच नाही फक्त, तर त्याने विमान उडवले.

मला श्रेकलिंग यांचे मोठेपण याहीपुढच्या गोष्टीत वाटते. त्यांनी ही विद्या मुठीत झाकून ठेवली नाही. इंजिन कसे करावे, मोजमापे काय, कोठे काय चुकते, हे सगळे त्यांनी पुस्तक लिहून जगाला सांगून टाकले, आणि १९९०च्या दशकात ते पुस्तक इंग्रजीतही आले. मग थॉमस कांप्स नावाच्या दुसऱ्या जर्मन गृहस्थांनी पुढची पायरी चढली. त्यांनी लाकडी चाकाच्या जागी मोटारींच्या टर्बोचार्जरमध्ये असते ते तयार चाक घेतले, आणि त्यांनीही आपले आराखडे पुस्तकात छापले. स्पेनचे हेसूस आर्तेस यांनी आगीत टिकणाऱ्या मिश्रधातूची ओतीव चाके करून दिली. त्यातून ‘केजे-६६’ नावाचे जे इंजिन निघाले, त्यातला ‘के’ म्हणजे कुर्ट, ‘जे’ म्हणजे हेसूस, आणि ६६ म्हणजे चाकाचा व्यास. जगभर लोकांनी ते घरी बांधले. बाहेरच्या वेष्टनासाठी सहलीला नेतात त्या लहान गॅस-शेगडीचे रिकामे डबे वापरले, आणि चाक पहिल्यांदा फिरवायला केस वाळवायची यंत्रे किंवा बागेतला पालापाचोळा उडवायचे पंखे पुढे लावले!

आपल्याकडे विद्या गुप्त ठेवण्याची एक जुनी खोड होती. वैद्याची मात्रा, गवयाची चीज, आचाऱ्याचा मसाला, सगळे चितेबरोबर गेले तरी चालेल पण दुसऱ्याच्या हाती जाता कामा नये. श्रेकलिंग आणि कांप्स यांनी तसे केले असते, तर आज टर्बाइन मॉडेल ही दोन-चार माणसांची करामत राहिली असती. त्यांनी ती वाटली, म्हणून तिचे एक शास्त्र झाले, आणि पुढे उद्योगही झाला. आज जर्मनी, नेदरलँड्स, स्पेन, तैवान, चीन या देशांत अशी तयार इंजिने विकत मिळतात.

आठ मिनिटांचे उड्डाण

आता विमानाकडे वळू. आपल्या हवाई दलाचे ‘सूर्यकिरण’ पथक ज्यावर कसरती करते ते हॉक विमान घ्या. त्याची एक-चतुर्थांश मापाची प्रतिकृती करायची ठरवली, तर ती तीन मीटरांहून थोडी लांब भरेल. वजन किती असावे? एक-चतुर्थांश असे म्हणाल तर फसाल. लांबी चौथा हिस्सा झाली की पंखांचे क्षेत्रफळ सोळावा हिस्सा होते आणि घनफळ चौसष्टावा. खरे हॉक रिकामे असताना साडेचार टनांच्या आसपास भरते. त्याचा चौसष्टावा भाग म्हणजे सत्तर किलो. एवढे जड मॉडेल इवल्याशा पंखांवर हळू उतरवणे अशक्यप्राय. म्हणून ते वीस-पंचवीस किलोंत बसवावे लागते, आणि त्यासाठी काचतंतू, कार्बनचे धागे, बाल्साचे हलके लाकूड यांची घडण लागते. त्यातच चाके पोटात ओढून घेणारी यंत्रणा, ब्रेक, पंखांच्या झडपा हलवणाऱ्या लहानलहान मोटारी, रॉकेलाच्या टाक्या आणि इंजिनामागची दुहेरी पत्र्याची झोतनळी, सगळे बसले पाहिजे. एकेका प्रतिकृतीत दोन-दोन, तीन-तीन वर्षे जातात. खिळ्यांच्या ओळी, रंग उडालेले भाग, वैमानिकाच्या खोलीतली घड्याळे, सगळे खऱ्याबरहुकूम. जेट-मॉडेलांच्या जागतिक स्पर्धा भरतात, तेथे विमान उडायच्या आधी परीक्षक मूळ विमानाची छायाचित्रे हातात घेऊन प्रतिकृती बारकाईने तपासतात. मग ते खऱ्यासारखे उडते का, हे पाहतात.

इंजिन सुरू करणे आता पूर्वीइतके कष्टाचे उरले नाही. एक बटण दाबले की लहानशी विजेची मोटर चाक फिरवू लागते, ठिणगी देणारी कांडी लाल होते, रॉकेल थेंबाथेंबाने येते, आणि एक छोटा गणकयंत्राचा डबा तापमान व फेरे मोजीत पुढचे सगळे सांभाळतो. आधी बारीक शीळ, मग वाढत जाणारी किंकाळी, आणि मग विमानतळावर ऐकतो तोच घोंघाट. वासही तोच. बेअरिंगांना वंगण म्हणून रॉकेलातच थोडे खास तेल मिसळलेले असते. दहा-वीस किलोंची ढकल देणारे इंजिन पूर्ण जोरात मिनिटाला सुमारे अर्धा लिटर पिते; चाळीस किलोंची ढकल देणारे मोठे इंजिन लिटरभराहूनही जास्त. म्हणून उड्डाण सात-आठ मिनिटांचेच.

पण ती आठ मिनिटे! ताशी तीनशे किलोमीटर म्हणजे सेकंदाला त्र्याऐंशी मीटर. शिंक आली तेवढ्यात विमान क्रिकेटचे मैदान ओलांडून गेलेले असते. ते दूर जात असेल तोपर्यंत डावे ते डावे आणि उजवे ते उजवे. वळून वैमानिकाकडे तोंड करून येऊ लागले की सगळे उलटे. आरशात पाहून दुसऱ्याच्या कपाळावर कुंकू लावावे, तसा हा प्रकार. शिवाय टर्बाइनचा स्वभाव मुलखाचा संथ. दांडी पुढे सारली म्हणून जोर लगेच येत नाही. चाकाला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. उतरताना विमान कमी उंचीवर आले आणि मग जोर द्यावा असे सुचले, तर तो येईपर्यंत जमीन आलेली असते. पुढचे ओळखून आधीच हुकूम द्यावा लागतो. चांगल्या वैमानिकाची हुशारी त्याच्या अंगठ्यांत दिसते खरी, पण ती असते त्याच्या दूरदृष्टीत.

विमान उतरल्यावरही काम संपत नाही. इंजिन बंद केले की आतली धग बेअरिंगांकडे सरकू लागते. म्हणून सुरुवातीचीच ती छोटी मोटर पुन्हा चाक फिरवून थंड हवा आत खेचीत राहते. तोवर कोणी घाई करायची नाही.

नियमांची लगाम

अशा वस्तूच्या हातून अनर्थ होऊ शकतो, हे सांगायला नको. वीस किलोंचे रॉकेलाने भरलेले विमान ताशी तीनशेच्या वेगाने चुकीच्या जागी पडले, तर ते खेळणे राहात नाही. त्यामुळे या छंदाने आपल्या पायांत आपणच बेड्या घालून घेतल्या आहेत. १९३६ साली स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या मॉडेल-विमान संघटनेने टर्बाइन उडवणाऱ्यांसाठी वेगळा परवाना ठेवला. आधी कौशल्य दाखवा, मग उडवा. वेगाला ताशी २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरांची मर्यादा घातली. आग विझवण्याचे नळकांडे जवळ हवेच. चालू इंजिनाच्या चाकाच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही, कारण चाक फुटलेच तर तुकडे त्याच रेषेत उडतात. रेडिओचा दुवा तुटला, तर इंजिनाने आपणहून बंद पडले पाहिजे अशी तजवीज आधीच करून ठेवायची. याहून वेगाने जायचे, तर ते खास व्यवस्थेतच. १४ सप्टेंबर २०१७ रोजी जर्मनीत बालेनश्टेट येथील विमानतळावर नील्स हेरब्रिख यांच्या टर्बाइन-मॉडेलने ताशी ७४९ किलोमीटरांचा विक्रम नोंदवला, पण ते काम गर्दीच्या मैदानावरचे नव्हे.

आपल्या देशातही २०२१च्या ड्रोन-नियमांनी अशा मॉडेलांना जागा ठेवली आहे. शिक्षण, संशोधन किंवा करमणूक यांसाठी, नजरेच्या टप्प्यात उडणारे आणि २५ किलोंपेक्षा जड नसलेले विमान हे ‘मॉडेल’ ठरते. आकाशाचेही हिरवे, पिवळे, लाल असे भाग पाडलेले आहेत. हिरवा सोडून कोठेही विचारल्याशिवाय जाता येत नाही.

या लगामीला आणखी एक कारण आहे, आणि ते लपवून उपयोग नाही. झोताचे हे लहान इंजिन जसे खेळण्याला चालते, तसे शस्त्रालाही चालते. १३ जून १९४४ रोजी लंडनवर पहिल्यांदा जे उडते बाँब पडले, ते पल्सजेटवरच आले होते. त्याच जातीचे इंजिन युद्धानंतर मुलांच्या मॉडेलांत बसले. आता उलट प्रवास सुरू झाला आहे. युक्रेनच्या युद्धात लहान जेट इंजिनांवर चालणारी, माणसाशिवाय उडणारी अस्त्रे दोन्ही बाजूंनी वापरली गेली. लोखंड विळ्याचेही असते आणि तलवारीचेही. पण विळा करणाऱ्याने त्यामुळे भट्टी विझवावी असे नव्हे. आपण काय घडवीत आहोत आणि ते कोठे जाऊन पडेल, याची जाणीव मात्र त्याने ठेवलीच पाहिजे.

कशासाठी?

आता संसारी वाचकांच्या, विशेषतः वाचक भगिनींच्या, ओठांवर आलेला प्रश्न मी ओळखतो. या उपद्व्यापाला खर्च किती? चांगल्या मोठ्या टर्बाइन-मॉडेलात एक मध्यम मोटारगाडी सहज मावते. दोन वर्षांचे श्रम, गाडीची किंमत, आणि उड्डाण आठ मिनिटांचे. त्यातही एक बॅटरी दगा देईल, एक तार निसटेल, तर नवव्या मिनिटाला हाती काळवंडलेला सांगाडा. मग ते काचेच्या कपाटात ठेवावे आणि पाहुण्यांना दाखवावे, हे शहाणपणाचे नाही काय?

शहाणपणाचे असेलही. पण ही मंडळी ते करीत नाहीत, आणि मला वाटते त्यातच त्यांचा सगळा जीव आहे. कपाटातले विमान सुरेख असू शकते. खरे ठरू शकत नाही. उडवल्याशिवाय आपला हिशेब बरोबर होता की नाही हे कळायचे कसे? परीक्षकाला भुलवता येते, शेजाऱ्याला भुलवता येते, स्वतःला तर फारच सहज भुलवता येते. हवेला भुलवता येत नाही. दोन वर्षांचे काम दरवेळी पुन्हा पणाला लावायचे, आणि हवा जो निकाल देईल तो मान्य करायचा, ही वृत्ती पैशांत मोजता येण्याजोगी नाही. गवई मैफलीत नवी जागा घ्यायला जातो, तेव्हा त्याचेही हेच असते.

आणि ज्यांना उपयोगाचेच उत्तर हवे, त्यांच्यासाठी तेही आहे. हीच लहान टर्बाइने आज अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थ्यांना जेट इंजिन शिकवतात. मोठे इंजिन परवडत नाही, ते टेबलावर मावते. आणि २६ सप्टेंबर २००८ रोजी स्वित्झर्लंडचे वैमानिक इव्ह रॉसी यांनी पाठीला पंख बांधून कॅलेहून डोव्हरपर्यंत इंग्लिश खाडी ओलांडली. १९०९ साली लुई ब्लेरियो यांनी विमानाने पहिल्यांदा पार केली तीच खाडी. रॉसी यांच्या पंखांखाली चार इंजिने होती, आणि ती होती जर्मनीत मॉडेल-विमानांसाठी तयार झालेल्या टर्बाइनांपैकी. इकारसची कथा सांगणाऱ्या ग्रीकांपासून माणूस ज्याचे स्वप्न पाहात आला, ते स्वप्न असे एका छंदाच्या आधाराने काही मिनिटे खरे झाले. खेळण्याच्या पोटी विमान जन्मले. विमानाच्या पोटी पुन्हा खेळणे. आणि त्या खेळण्याने माणसालाच उचलून नेले.

म्हणून घरातल्या मुलाने रविवारी सकाळी पुठ्ठा, डिंक आणि रबर घेऊन पसारा मांडला, तर लगेच कपाळाला आठी घालू नये. लाखांचे टर्बाइन त्याला मागायचे वय अजून दूर आहे, आणि तेथवर जाणारी वाट रबराच्या पिळापासूनच निघते. मिल्टन राइट यांनी आणलेले ते बुचाचे आणि कागदाचे खेळणे मुलांच्या हातांत फार दिवस टिकले नाही. मोडले. त्या दोघा भावांनीच पुढे लिहून ठेवले आहे की खेळणे गेले, त्याची आठवण मात्र गेली नाही.